छोटी इ, बड़ी ई आणि पहिलीचा वर्ग

हिंदी माध्यमाच्या पहिलीत मुलांच्या हाती पडणारं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ‘अब घर चल’ हे असतं. मग ‘मत लड़’, ‘झटपट चल’, ‘मटर चख’. ही वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यामागचा हिशेब असा, की आधी वर्णमाला पक्की करायची, मग बिनमात्रेचे शब्द, मग आ की मात्रा, मग छोटी इ, मग बड़ी ई, आणि असं एकेक करत औ की मात्रा गाठायची. जूनमध्ये निघालेली ही गाडी तिथे पोचेपर्यंत पहिलीचं वर्ष सरतं. पुष्कळ मुलांचं तर दुसरीचंही सरतं, आणि तोवर ‘मला वाचता येत नाही’ हे त्यांच्या मनानं घेतलेलं असतं.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. माझी घरची भाषा मराठी, शाळाही मराठी. हिंदी शिकले ती पाचवीपासून, आणि खरी शिकले ती वर्गात उभी राहिल्यावर. मुलं जौनपूर, आझमगड, गोंडा, दरभंगा अशा ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांतली. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या अवधी, कुणाच्या मैथिली. गल्लीत मुंबईची हिंदी, आणि दुकानांच्या पाट्यांवर मराठी. या मुलांना वाचायला शिकवताना मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो मात्रांनी. मात्रा शेवटी शिकवण्याची रीत बदलायलाच हवी, असं माझं आता ठाम मत आहे. ते कसं झालं ते सांगते.

बिनमात्रेचे शब्द सोपे, हा समज सगळीकडे आहे. ‘कमल’ घ्या. तीन अक्षरं, एकही मात्रा नाही. मूल ही अक्षरं जशी शिकलंय तशीच लावतं: क, म, ल. प्रत्येक अक्षरात अ आहे, असंच त्याला शिकवलेलं असतं. त्यामुळे तोंडून ‘क-म-ल’ निघतं, शेवटचा ल ओढलेला, ऐकणाऱ्याला ‘कमला’ वाटावं इतका. बोलताना मात्र तो शेवटचा अ कुणीच उच्चारत नाही. ‘अदरक’ म्हणताना द मधला अ गळतो. ‘कमर’ म्हणताना म मधला अ ऐकू येतो, पण त्याच शब्दाला पुढे काना लावून ‘कमरा’ केलं की तोच अ नाहीसा होतो. कागदावर यातलं काहीच दिसत नाही. अ ला खूणच नाही. तो कुठे म्हणायचा आणि कुठे गिळायचा, हे वाचणाऱ्यानं आपल्या बोलण्यावरून ओळखायचं. आपल्याला त्याची इतकी सवय असते की यात काही अवघड आहे असं वाटतही नाही. सहा वर्षांच्या मुलापुढे मात्र आपण न दिसणारा स्वर ठेवतो, तोही कधी असणारा आणि कधी नसणारा, आणि याला ‘सरल शब्द’ म्हणतो.

आता ‘मामा’ पाहा. म, त्याला काना. पुन्हा म, पुन्हा काना. जेवढं दिसतं तेवढंच म्हणायचं, आणि जेवढं म्हणायचं तेवढं सगळं दिसतं. ‘नानी’, ‘काला’, ‘पानी’ हे शब्दही तसेच. शिवाय हे शब्द मुलाच्या तोंडात दिवसभर असतात. ‘मटर चख’ असं कुठलं मूल आपणहून बोलतं? ‘नानी’ आणि ‘पानी’ या शब्दांशिवाय मात्र त्याचा दिवस जात नाही. माणसं आपल्या माणसांना मात्रांनीच हाक मारतात: माँ, बाबा, चाचा, दीदी, भैया, दादी. मात्रा सहा महिने बाजूला ठेवायच्या म्हणजे मुलाचं सगळं घरच सहा महिने पुस्तकाबाहेर ठेवायचं.

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेचं काम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा विचार मला नीट मांडलेला सापडला. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या, भाषाशास्त्र शिकलेल्या, फलटणमध्ये राहून मराठीतल्या झाल्या, आणि तिथल्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी त्यांनी अक्षरांचे छोटे गट केले. काही स्वरचिन्हं अगदी सुरुवातीलाच अक्षरांसोबत द्यायची, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मुलाला खरे, अर्थाचे शब्द वाचता येतात. ही पद्धत मराठीची. हिंदीसाठी गट माझे मला बांधावे लागले.

माझा पहिला गट म, न, क, ल, प, आणि सोबत आ की मात्रा व बड़ी ई की मात्रा. एवढ्यावर काय काय होतं पाहा: मामा, मामी, नाना, नानी, काका, नाम, काम, कान, नाक, पान, पानी, माला, माली, नाला, नल, काला, नीला, पीला, मकान, नमक, पालक. क ला काना दिला की ‘का’ आणि बड़ी ई दिली की ‘की’ मिळते, म्हणजे हिंदी वाक्य जोडणारे दोन शब्द फुकट हाती येतात. ‘नाना का मकान’, ‘नानी की माला’. आणि ‘ला’ आला की हुकूम सोडता येतो: ‘मामी, पानी ला’. पहिल्या गटानंतर मी मुलांना सांगते, आता तुमच्या मनातलं काहीतरी लिहा. एका वर्षी एका मुलानं लिहिलं, ‘नल का पानी पीला’. त्याच्या वहीत तोवर मी दिलेले शब्द होते. हे वाक्य मी दिलेलं नव्हतं. वस्तीतल्या नळाला तेव्हा खरंच तसं पाणी येत होतं, आणि शाळेत आल्यापासून त्यानं लिहिलेलं हे पहिलं वाक्य होतं. त्यात पाच मात्रा आहेत. जुन्या क्रमानं गेलो असतो, तर हे वाक्य लिहायला त्याला दिवाळीनंतरची वाट पाहावी लागली असती.

बारहखड़ी घोकण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. मराठीत आपण ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ म्हणतो. हिंदीत ते ‘क में आ की मात्रा का, क में छोटी इ की मात्रा कि’ असं लांबतं. पाठांतर म्हणून ठीक आहे, त्याला लय आहे, मुलांना आवडतं. पण वाचताना मूल हीच साखळी वापरायला लागलं की पंचाईत होते. ‘नानी’साठी ‘न में आ की मात्रा ना, न में बड़ी ई की मात्रा नी’ इतकं बोलून होईपर्यंत सुरुवातीला काय होतं तेच त्याला आठवत नाही. म्हणून वाचनाच्या तासाला मी ही साखळी बंद ठेवते. ‘ना’ अख्खं दाखवायचं, ‘ना’ म्हणायचं. शेजारी ‘नी’, शेजारी नुसता ‘न’. तिन्ही एकाखाली एक लिहिले की खूण बदलली तर आवाज बदलतो हे मुलं स्वतःच सांगतात.

छोटी इ मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. हिंदी लिहायला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, वहीत सगळ्यात जास्त घोळ याच खुणेचा असतो.

एक मुलगी माझ्यासमोर बसून ‘चिड़िया’ लिहीत होती. ओठ हलत होते. तिनं च म्हटलं आणि च काढला. मग ‘इ’ म्हटलं आणि पेन्सिल च च्या उजवीकडे नेली, उभी रेघ ओढली. आता वरची कमान कुठे वळवायची? हात थबकला. फळ्यावर पाहिलेली कमान उजवीकडे झुकलेली होती, म्हणून तिनं ती उजवीकडे वळवली आणि तिच्याखाली ड़ लिहिला. कागदावर झालं ‘चड़ि’. खूण च ची, बसली ड़ वर. पुढच्या इ चंही तसंच झालं, ती य वर गेली. मी तिला लिहिलेला शब्द वाचायला सांगितला. तिनं अगदी बरोबर वाचला, ‘चिड़िया’. कारण तिच्या हिशेबात क्रम चोख होता: आधी च, मग इ, मग ड़, मग इ, मग या. कानानं जे ऐकलं ते हातानं त्याच क्रमानं मांडलं होतं. लिपी मात्र म्हणते की नंतर ऐकू येणारा हा आवाज आधी लिहायचा.

त्याच वर्गातल्या एका मुलानं स्वतःची तजवीज केली होती. तो प्रत्येक अक्षराआधी बोटभर जागा सोडायचा. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, ‘टीचर, बाद में छोटी इ आ गई तो?’ त्याची वही लांबून पाहिली तर अक्षरं विस्कटलेली वाटायची. जवळून पाहिलं की कळायचं, तो प्रत्येक अक्षराला विचार करून जागा देतोय.

ही खूण डावीकडे का, असं मुलं विचारतात, आणि त्यांना खरं उत्तर मिळायला हवं असं मला वाटतं. अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीत इ ची खूण अक्षराच्या डोक्यावर, उजव्या बाजूला असायची. पुढे शतकानुशतकं लिहिता लिहिता ऱ्हस्व इ ची शेपटी डावीकडे वळली आणि खाली उतरत उभी रेघ झाली. दीर्घ ई ची उजवीकडे उतरली. ए च्या मात्रेचं उलटं झालं. जुन्या हस्तलिखितांत, विशेषतः गुजरात-राजस्थानकडच्या जैन पोथ्यांत, ए ची मात्रा अक्षराच्या डावीकडे उभ्या रेघेनं दाखवलेली दिसते, तिला पडिमात्रा म्हणतात. नागरीत ती वर गेली, बंगालीत मात्र ए ची खूण आजही अक्षराच्या आधीच लिहितात. मी मुलांना एवढंच सांगते की पूर्वी लोकांनी लिहिता लिहिता तिला तिकडे नेलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान होतं. आपण चुकलो नाही, ही गोष्टच जरा निराळी आहे, हे त्यांना पटतं.

मोठ्या माणसांनाही हा पेच सतावत आला आहे. १९५३ साली लखनऊला लिपीसुधारणेसाठी परिषद भरली, आणि तिथे ठरलं की ऱ्हस्व इ ची मात्रासुद्धा उजवीकडेच लिहायची, फक्त तिचा दांडा दीर्घ ई पेक्षा आखूड ठेवायचा. तर्क स्वच्छ होता, माझ्या त्या ‘चिड़िया’वालीचाच. पण हातानं लिहिताना आखूड दांडा आणि पूर्ण दांडा यांत फरक राहीना, ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ वाढला आणि काही वर्षांतच तो निर्णय मागे घेतला गेला. त्याआधी सावरकरांनी स्वरांसाठीही अ चीच बाराखडी सुचवली होती: अि, अी, अु, अू. काका कालेलकरांनी ती उचलून धरली आणि वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचाराच्या छपाईत ती वापरलीही गेली. हिंदीनं शेवटी ती स्वीकारली नाही. पण माझ्या वर्गात आजही एखादं मूल ‘इमली’ लिहिताना आधी अ काढतं आणि त्याला छोटी इ लावतं. कुणी शिकवलेलं नसतं. मात्रेचा नियम त्याला कळलाय आणि तो ते सगळीकडे लावून पाहतंय, एवढाच त्याचा अर्थ.

ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता या संशोधकांनी २००२ साली हिंदी वाचणाऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या शब्दांत छोटी इ अक्षराच्या आधी लिहिलेली असते, ते वाचायला अधिक वेळ लागतो असं त्यात दिसलं. हे वाचल्यावर मला मुलांची बाजू मांडायला बळ आलं. ही अडचण मुलांच्या आळसातून किंवा दुर्लक्षातून येत नाही.

मग करायचं काय? माझ्यापुरतं मी ठरवलंय: आधी अक्षर, मग त्याच्या डावीकडे मात्रा. सुंदर हस्ताक्षराचा आग्रह धरणारे शिक्षक आधी मात्रा काढायला सांगतात, म्हणजे जागा नीट राहते, ओळ सरळ दिसते. दुसरी-तिसरीत ते जरूर करावं. पहिलीत मात्र हाताचा क्रम कानाच्या क्रमाशी जुळू द्यावा. मूल च म्हणतं, च लिहितं. इ म्हणतं, मागे येऊन इ लावतं. त्या मागे येण्याला मुलं ‘पीछे वाली’ म्हणतात, आणि बड़ी ई ला ‘आगे वाली’. ‘छोटी’ आणि ‘बड़ी’ ही नावं त्यांना सुरुवातीला उपयोगी पडत नाहीत, कारण कागदावर दोन्ही सारख्याच उंचीच्या. म्हणून ‘पीछे वाली’ चालू देते, आणि आवाज आखूड की लांब हे वेगळ्यानं, ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘चिता’ आणि ‘चीता’, ‘मिल’ आणि ‘मील’ अशा जोड्या म्हणवून घेऊन करते.

अनपेक्षित मदत मिळाली ती मोबाईलची. जुन्या हिंदी टाइपरायटरवर छोटी इ ची कळ आधी दाबायची आणि मग अक्षराची, जशी ती डोळ्यांना दिसते तशी. संगणक आणि मोबाईल हे उलटं करतात. युनिकोडमध्ये आधी अक्षर साठवलं जातं, मग मात्रा, म्हणजे बोलण्याच्याच क्रमानं. पडद्यावर दाखवताना मात्र मात्रा डावीकडे दिसते. एकदा मी माझ्या फोनवर मुलांना ‘चिड़िया’ टाइप करायला दिलं. च दाबला, च उमटला. मग ि दाबली, आणि ती च च्या उजवीकडे न थांबता मागे जाऊन बसली. ‘टीचर, कूद गई!’ सगळा वर्ग फोनभोवती. मग ‘दिन’, ‘गिन’, ‘मिठाई’, ‘सिलाई’, जे सुचेल ते करून पाहिलं. फोनवर त्यांच्याच क्रमानं लिहून शब्द बरोबर उमटतो, हे पाहिल्यावर वहीतही बऱ्याच जणांचे हात सुधारले. शाळेत फोन आणू द्यावा की नाही यावर पुष्कळ चर्चा चालते. या एका कामासाठी तो शिक्षकाच्या हातात जरूर असावा.

एकारांत आणि ओकारांत मुलं फारशी अडखळत नाहीत. उ आणि ऊ च्या खुणा अक्षराखाली, त्याही पटकन जमतात. फक्त र चं तंत्र वेगळं: त्याच्या खाली न लावता पोटात लावायची, रु आणि रू. नोटेवरचा ‘रुपये’ दाखवला की एका दिवसात काम होतं. ऐ आणि औ मात्र थांबून विचार करायला लावतात.

पुस्तकी हिंदीत ‘पैसा’ हा शब्द आपल्या ‘बॅट’मधल्या ॅ सारख्या उच्चाराच्या जवळ जातो. मराठी माणूस तोच शब्द ‘पइसा’सारखा म्हणतो, कारण आपल्याकडे ऐ म्हणजे अ आणि इ. गंमत अशी की माझ्या वर्गातली पूर्वांचलची मुलंही घरी ‘पइसा’च म्हणतात, ‘अउर’ म्हणतात, ‘भइया’ म्हणतात. म्हणजे या एका बाबतीत आझमगडचं मूल आणि त्याची मराठी शिक्षिका एका बाजूला, आणि पाठ्यपुस्तकातली हिंदी दुसऱ्या बाजूला. मूल श्रुतलेखात ‘पइसा’ लिहितं तेव्हा ते आपलं बोलणं चोख लिहितं. घरचं बोलणं मी कधीही चूक ठरवत नाही. शेजारी ‘पैसा’ लिहिते आणि सांगते की पुस्तकात असं लिहितात, घरी तुम्ही म्हणता तेही खरंच.

हिंदीत ॅ ची वेगळी खूण नाही. म्हणून ‘बैंक’, ‘बैग’, ‘मैडम’, ‘बैट’ हे सगळं ऐ च्या मात्रेनं लिहितात. मुंबईत एकाच रस्त्यावर एक पाटी ‘बँक’ आणि दुसरी ‘बैंक’ म्हणते, आणि मुलं ते बघत शाळेत येतात. हा फरक मी लपवत नाही. दोन्ही पाट्या फळ्यावर लिहिते. मुलांना दोन भाषांत दोन रीती असतात याचं मोठ्यांइतकं दडपण येत नाही. खरी कसोटी ‘में’ आणि ‘मैं’ ची. एका मात्रेचा फरक, आणि ‘घर में’ चं ‘घर मैं’ झालं की वाक्यच बिघडतं. तिसरी-चौथीपर्यंत हा घोळ टिकतो. यावर माझ्याकडे सरावाशिवाय दुसरा उपाय नाही.

सरावासाठी मला सापडलेला सगळ्यात चांगला धडा छापलेला आहे दहा रुपयांच्या नोटेवर. शनिवारी दुपारी मुलांच्या काही आया येऊन बसतात. त्यातल्या बऱ्याच जणींना आकडे कळतात, अक्षरं नाही. त्यांच्यासमोर मी नोट ठेवते. वर ‘भारतीय रिज़र्व बैंक’, मध्ये ‘मैं धारक को दस रुपये अदा करने का वचन देता हूँ’. एवढ्या एका वाक्यात आ, ए, ऐ, ओ, उ, ऊ यांच्या मात्रा आहेत, चंद्रबिंदू आणि अनुस्वार आहे, ‘रु’ आहे. एक बाई कितीतरी वर्षं कारखान्यात धागे कापण्याचं काम करतात, नोटा मोजण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. बोट ठेवून अक्षर अक्षर लावत त्या ‘देता हूँ’पर्यंत पोचल्या, मग मागे जाऊन ‘मैं’वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘टीचर जी, ये वाला मैं, और घर में वाला में, अलग है ना? इसमें दो डंडी है ऊपर.’ जे मी मुलांना महिनोन्‌महिने सांगत असते ते त्यांनी हातातल्या नोटेवरून स्वतः काढलं. नोटेच्या मागच्या बाजूला भाषांच्या यादीत मराठीतली रक्कमही असते. पुढच्या खेपेला त्यांनी तीही वाचून दाखवली, ‘दहा रुपये’.

माझ्यासारख्या मराठी शिक्षकांसाठी एक सूचना. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो: कवी, शक्ती, स्थिती, गुरू, वस्तू. हिंदीत हेच शब्द कवि, शक्ति, स्थिति, गुरु, वस्तु असे ऱ्हस्व राहतात. उच्चारावरून फरक कळत नाही, कारण हिंदी बोलणाराही शेवटचा स्वर बराचसा लांबवतोच. त्याहून नाजूक जागा ‘कि’ आणि ‘की’ ची. आपलं ‘की’ नेहमी दीर्घ. हिंदीत ‘उसने कहा कि’ मधला ऱ्हस्व, ‘नानी की माला’ मधला दीर्घ, आणि दोन्ही शब्द वाक्यागणिक येतात. फळ्यावर लिहिताना मराठी हात आपोआप दीर्घाकडे जातो, आणि मुलं फळ्यावर जे पाहतात तेच उतरवतात. मी या शब्दांची यादी टेबलावर काचेखाली ठेवली आहे. हिंदीचा तास घेणाऱ्या प्रत्येक मराठी शिक्षकानं ती ठेवावी.

लवकर मात्रा दिल्या तर मुलं गोंधळतात, असं मला अनेक ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कळकळीनं सांगितलं आहे. त्यांची काळजी मला कळते. बारा खुणा एकदम दिल्या तर गोंधळ होणारच. पण दोन मात्रा आणि पाच अक्षरं यांत गोंधळ होत नाही, हे मी वर्षामागून वर्ष पाहत आले आहे. एनसीईआरटीनं २००६ साली काढलेल्या पहिलीच्या हिंदी पुस्तकाचं नावच ‘रिमझिम’ होतं. मुखपृष्ठावरच दोन छोट्या इ. ते नाव मुलं आधी अख्खंच ओळखतात, अक्षरं सुटी करणं नंतर जमतं. पाऊस कसा पडतो हे ज्याला माहीत आहे त्याला ‘रिमझिम’ अवघड जात नाही. ज्या शब्दाशी काहीच देणंघेणं नाही तो शब्द बिनमात्रेचा असला तरी अवघडच जातो.

येत्या जूनमध्ये पहिलीचा वर्ग हाती घेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पहिल्या पंधरवड्यातच काना आणि बड़ी ई मुलांच्या हाती द्या, आणि त्यांच्या घरातल्या माणसांची नावं फळ्यावर येऊ द्या. पालकांनी घरासाठी पुस्तक घेताना ‘बिना मात्रा के शब्द’चं पुस्तक बाजूला ठेवावं आणि गोष्टीचं साधं पुस्तक घ्यावं, रोज थोडं मोठ्यानं वाचून दाखवावं. आणि श्रुतलेख तपासताना छोटी इ भलत्या अक्षरावर गेलेली दिसली, तर लाल फुली मारण्याआधी त्या मुलाला तो शब्द स्वतः वाचून दाखवायला सांगा.